राहिलेली उलटतपासणी

फोन वाजला तेव्हा माझ्या मांडीवर एका गृहस्थाचा कोट होता, बाहीला सिगारेटनं जळलेला, आणि सुईत धागा नुकता ओवून झाला होता. वकीलबाई म्हणाल्या, "ताई, बातमी वाईट आहे. प्रतिवादी वारले." मी म्हटलं, "कोण प्रतिवादी?" हे काही नाटक नव्हतं. इतकी वर्षं त्या शब्दाला माझ्या डोक्यात एकच तोंड होतं, तरी त्या क्षणी मला वाटलं, बाईंच्या दुसऱ्या कुठल्यातरी दाव्यातलं कुणी गेलं असेल आणि फोन चुकून मला लागला असेल.  बाई म्हणाल्या, "तुमचे भाऊ, ताई. आज दुपारी. त्यांच्या वकिलाच्या जिन्यात कोसळले, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. त्या वकिलांचाच फोन आला मला." आणि माझ्या तोंडून जे निघालं ते असं, "अहो, पण गुरुवारी त्याची उलटतपासणी आहे!"  बाईंना वाटलं असेल की धक्क्यानं माझं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. उलट इतकं लख्ख मला कित्येक महिन्यांत दिसलं नव्हतं. गुरुवारी तो पिंजऱ्यात उभा राहणार होता, वकीलबाई त्याला प्रश्न विचारणार होत्या, आणि मी समोरच्या बाकावर बसून ऐकणार होते. बाकीचे प्रश्न कायद्यासाठी होते. एक माझ्यासाठी होता, बाईंना सांगून सांगून मी तो यादीत घालायला लावला होता. भिंत का बांधलीत? एवढाच. आणि हा पठ्ठ्या सोमवारी मेला. सुटला, असं मला वाटलं. निसटला. लहानपणी आईनं हाक मारली की मागच्या दारानं पळायचा तसा.

दवाखान्यात मला जावं लागलं, कारण दुसरं कुणीच नव्हतं. लग्न केलं नाही, मित्र ठेवले नाहीत, पाणीपुरवठा खात्यात जन्मभर नळांचे नकाशे काढले आणि निवृत्त झाल्यावर माझ्याशी दावा लढला. हिरवट भिंतींच्या त्या खोलीत काउंटरमागच्या मुलीनं पेन सरसावून विचारलं, "नातं?" मी म्हटलं, "वादी." ती म्हणाली, "काय?" मी म्हटलं, "मी वादी आहे." तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग मागे बसलेल्या बाईकडे बघितलं, मग अगदी समजुतीनं म्हणाली, "काकू, तुमचे ते कोण लागत होते?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. म्हटलं, "धाकटा भाऊ." तिनं सही करायची जागा बोटानं दाखवली. चादर बाजूला केली तेव्हा त्याच्या अंगावर तोच फिकट शर्ट होता, कोर्टाच्या तारखेला घालायचा तो, इस्त्री केलेला. म्हणजे वकिलाकडे जातानासुद्धा नीट तयार होऊन गेला होता. भांग सरळ. घरात त्याला ओळंबा म्हणायचे. वडिलांनी ठेवलेलं नाव, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वजन बांधून सोडतो त्या दोरीवरून. लहानपणी रुसला की दारात ताठ उभा राहायचा, इकडे नाही, तिकडे नाही. तिथंही तसाच पडला होता, सरळ, हनुवटी वर. मला रडू येईल असं वाटलं होतं. त्याऐवजी तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, एवढे तीन दिवस थांबता आलं नाही तुला? मी इतकी वर्षं थांबले की नाही?

घर एकच, आईनं स्वतःच्या हयातीत दोन भाग करून दिलेले. पुढचा भाग माझा, मागचा आणि मागची मोकळी जागा त्याची. माझ्या आतल्या खोलीची खिडकी त्याच्या मोकळ्या जागेत उघडते. उघडायची, म्हणजे. ती खोली आधी आईची होती. तिच्या छातीचं दुखणं बळावलं त्या थंडीत तिचं अंथरूण तिथंच होतं, आणि ओळंबा कुठल्यातरी दूरच्या गावी पाइपलाइनच्या मोजणीला गेला होता. आई म्हणाली, "ती खिडकी उघड गं." मी उघडली. संध्याकाळी बंद करायला गेले तर तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "राहू दे." का राहू दे, तेही तिनं मला सांगितलं. पहाटे तिचा श्वास बिघडला आणि मग काही ती सावरली नाही. तो आला तेव्हा घरात माणसं होती, चपला दारात ढिगानं. तो आईजवळ आला नाही आधी. उंबऱ्यात उभा राहिला, खिडकीकडे बघितलं आणि विचारलं, "खिडकी कोणी उघडी ठेवली?" मी म्हटलं, "मी." एवढंच म्हटलं. चार माणसांसमोर, कित्येक रात्रींची जागी, मला वाटलं आता हा पुढचा प्रश्न विचारेल, का ठेवलीस, आणि मी सांगेन. त्यानं नाही विचारलं. नकाशावरचा आकडा जुळला की मान हलवावी तशी मान हलवली. जणू हिशेब लागला. आणि दोन-अडीच महिन्यांनी एका गवंड्याला घेऊन आला, दोरी धरली, आणि खिडकीपासून हातभर अंतरावर छपरापर्यंत भिंत घातली. नियमात बसेल तेवढं अंतर सोडून. सरळ, अगदी ओळंब्यात. मी खिडकीत उभी राहून बघत होते. एक एक थर वर चढत होता आणि त्याचं डोकं दिसेनासं होत होतं. मी एकदाही "हे काय चाललंय" म्हटलं नाही. का म्हणू? ज्याला विचारायचं नाही त्याला मी आपण होऊन सांगायला जाऊ?

माझं काम रफूचं. लोक फाटलेलं, जळलेलं, कसरीनं खाल्लेलं कापड आणतात आणि काही झालंच नव्हतं असं परत घेऊन जातात. त्यासाठी धागा बाहेरचा चालत नाही, त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून, दिसत नाही तिथून काढायचा आणि एक आडवा, एक उभा असा विणत भोक भरायचं. डोळे लागतात आणि उजेड लागतो. दिव्याचा नाही, दिवसाचा. आईच्या पश्चात मी काम त्या खोलीत नेलं होतं, कारण घरातला चांगला उजेड तिथंच यायचा. भिंतीनंतर तिथं दुपारी बारालाही तिन्हीसांज. तरी मी हट्टानं तिथंच बसत राहिले. मग एक दिवस एका बाईंचा उंची कोट आला, गर्द निळा. त्याच्या दुमडीत पुरेसा धागा नव्हता म्हणून मी माझ्या साठ्यातला जोडला, आणि दिव्याखाली जो निळा वाटला तो काळा निघाला. बाईंनी रस्त्यावर उन्हात कोट झटकला आणि परत आल्या. काही बोलल्या नाहीत, नुसतं बोट ठेवलं. निळ्या कापडावर काळा डाग, मीच विणलेला, इतका सफाईनं की उसवायला मला अख्खी दुपार लागली. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. त्याच आठवड्यात मी दावा टाकला. कागदावर तो उजेडाच्या हक्काचा दावा होता. वकीलबाईंना मी तेच सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं. पण मला उजेड हवा असता तर मी काम पुढच्या खोलीत हलवलं असतं. रस्त्याच्या बाजूला काय उजेडाला तोटा होता? मला तो पिंजऱ्यात हवा होता. घरात जो प्रश्न त्यानं विचारला नाही तो तिथं निघणारच होता. तो म्हणणार, या खिडकीमुळे आमची आई गेली. त्याला म्हणावंच लागणार, शपथेवर, मोठ्यानं. आणि मग माझी पाळी. आईनं खिडकी का उघडी ठेवायला लावली हे मी इतकी वर्षं कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं. जपून ठेवलं होतं, त्याच्या तोंडावर मारायला.

तारखा पडत गेल्या. कोर्टाच्या व्हरांड्यात लाकडी बाकं, त्यांवर बसून बसून गुळगुळीत झालेले खळगे. तो त्या टोकाला, मी या टोकाला. पुकारा झाला की दोघं उठायचो, साहेब आज नाहीत, साहेब बदलून गेले, नवे आलेत, कागद मिळत नाही, पुढची तारीख. मग दोघं एकाच बसनं घरी. तो पुढे उभा, मी बायकांच्या जागेवर, आणि उतरून एकाच रस्त्यानं, मध्ये वीसेक पावलांचं अंतर ठेवून. शेजारच्या वहिनी एकदा हसून म्हणाल्या, "तुम्ही दोघं दाव्याला जाता की फिरायला?" मला हसू आलं नाही. एकदा व्हरांड्यात त्याला जोराचा ठसका लागला आणि माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. मी ती काढली, आमच्या मधल्या रिकाम्या बाकावर ठेवली आणि दुसरीकडे बघत बसले. त्यानं घेतली, प्यायला, झाकण लावून होती तिथं ठेवली. शब्द नाही. थॅंक्यू नाही, ताई नाही. अशा माणसावर चिडू नको तर काय करू?

सगळं आटोपल्यावर मी वकीलबाईंकडे गेले. त्यांच्या टेबलावर फायलींच्या मध्ये जेमतेम दोन कोपरं मावतील एवढी जागा. म्हटलं, "आता पुढे काय?" त्या म्हणाल्या, "प्रतिवादी गेला म्हणून दावा लगेच मरत नाही, ताई. भिंत तर आहेच ना उभी. मयताचे वारस मुदतीत त्याच्या जागी आणायचे आणि दावा पुढे चालवायचा. मुदत चुकली तर मात्र आपोआप गळून पडतो." मला बरं वाटलं. खरंच, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हटलं, "मग आणा." बाईंनी पेन उघडलं. "बायको?" "नाही." "मुलं?" "नाही." "आई-वडील तर नाहीतच. दुसरी भावंडं?"  त्यांनी पेन खाली ठेवलं. आमच्या दोघींच्याही ते एकदमच लक्षात आलं. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं होतं, ते त्यांनी घाईनं पुसलं, पण मी पाहिलं. "म्हणजे ताई, त्यांच्या वारस तुम्हीच. एकट्या." म्हटलं, "मग मला आणा." "अहो, तुम्ही वादी आहात. वादीही तुम्ही आणि प्रतिवादीही तुम्ही, असं नाही होत. स्वतःविरुद्ध कुणाला दावा चालवता येत नाही." मी म्हटलं, "मला येतो."  "ताई, ती भिंतच तुमची झाली आता. उद्या माणूस लावा आणि पाडा. तुम्ही जिंकलात, असंच समजा ना." असंच समजा! ती खुर्ची उचलून फायलींवर घालावी असं मला वाटलं. समजायचंच होतं तर घरात बसून समजले नसते का? "आणि त्याचा जबाब?" मी विचारलं. त्याची सरतपासणी झालेली होती, त्याच्या वकिलानं विचारलेलं सगळं टाइप करून फायलीत होतं, जागा माझी, भिंत माझी, नियमात बांधली. "उलटतपासणी झाली नाही, तेव्हा तो तसाच राहणार," बाई म्हणाल्या. "त्याला आता काही किंमत नाही. एका ओळीत दावा निकाली निघेल. कोण बरोबर, कोण चूक, त्यात कोर्ट जाणार नाही." म्हणजे शेवटचं बोलणं त्याचंच. मी पडलेल्या चेहऱ्यानं जिना उतरले.

मग मला सुचलं ते सुचायला नको होतं, पण सुचलं. मी त्याच्या वकिलाकडे गेले. म्हातारे गृहस्थ, अंगात जुना स्वेटर, बघताच उभे राहिले, कारण आजवर त्यांनी मला पलीकडच्या बाकावरच पाहिलं होतं. त्याची पिशवी त्यांच्याकडे राहिली होती, ती त्यांनी पुढे केली. मी ती घेतली नाही. म्हटलं, "मी त्याच्या जागी आलेय. कायद्यानं मी आता तुमची पक्षकार, बरोबर?" ते सावधपणे म्हणाले, "तसं म्हणता येईल." "मग मला सांगा. भिंत का बांधली, असं विचारलं असतं तर त्यानं काय उत्तर दिलं असतं? तुम्ही त्याची तयारी करून घेत होता ना त्या दिवशी?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तो प्रश्न येणार हे मला माहीत होतं, बाई. मी त्यांना सांगितलं होतं, आठवत नाही म्हणा." मी म्हटलं, "काय?" "आठवत नाही. सर्वांत सुरक्षित उत्तर. पुढे काही विचारताच येत नाही." आठवत नाही! माझ्या कानशिलात कुणीतरी मारल्यासारखं झालं. मी इतकी वर्षं ज्यासाठी कोर्टाचे खेटे घातले ते हे? "आणि तो हो म्हणाला?" "हो म्हणाले. उठले, गेले. मग दोन जिने उतरून परत वर आले. दम लागला होता. दारात उभे राहून म्हणाले, वकीलसाहेब, ताईला आठवत नाही चालायचं नाही. ती तिथंच पिंजऱ्यापाशी येईल." म्हातारा जरासा हसला, मग थांबला. "मी विचारलं, मग काय सांगणार आहात? तर म्हणाले, विचारू दे तिला. बघू तेव्हा. आणि उतरायला लागले, आणि मग तो आवाज आला." मी पिशवी उचलली आणि निघाले. तो जिना मलाही उतरावा लागला. प्रत्येक पायरीवर मी त्याला शिव्या घातल्या, ओठ न हलवता. बघू तेव्हा म्हणे. कधी तेव्हा?

पुढच्या तारखेला पुकारा झाला. "वादी?" मी म्हटलं, "हजर." "प्रतिवादी?" त्याचे वकील उठले, "मयत, मॅडम." "वारस?" मी पुन्हा म्हटलं, "हजर." मागच्या बाकांवर कुणीतरी खिदळलं. न्यायाधीश तरुण होत्या, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. त्यांनी दोन्ही वकिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टाइप करणाऱ्याला सांगायला लागल्या. वादी हीच मयत प्रतिवादीची एकमेव वारस असल्यानं दाव्यात निर्णय करण्याजोगं काही उरलेलं नाही. एवढंच, एका दमात. मग, माणुसकी म्हणून असेल, त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय का, बाई?" आणि मी उभी राहिले. वकीलबाईंनी माझा पदर ओढला. मी म्हटलं, "हो. ती खिडकी मी आईच्या सांगण्यावरून उघडली होती." टाइप करणाऱ्यानं मान न वळवता विचारलं, "हे घेऊ का, मॅडम?" "नको," त्या म्हणाल्या. रागानं नाही, अगदी हळू. "बाई, आता त्याची गरज नाही." शिपायानं पुढच्या दाव्याचं नाव पुकारलं आणि माझ्या जागेवर येऊन बसायला दोन माणसं वाट बघत उभी राहिली.

त्याच दुपारी मी त्याच्या भागाचं कुलूप उघडलं. भिंत घातल्यापासून माझा पाय तिकडे पडला नव्हता. स्वयंपाकघर आणि त्याला लागून त्याची बसायची खोली, दोन्हीही मोकळ्या जागेकडे तोंड करून. आणि मोकळ्या जागेत, त्यांच्याही समोर, ती भिंत. बटण दाबलं तेव्हा दिसायला लागलं. भर दुपारी! म्हणजे हाही दिवा लावून बसत होता. स्वतःच्या नाकासमोर अंधार बांधून घेतला होता या शहाण्यानं, आणि एकदाही म्हणाला नाही. दार उघडून बाहेर गेले. भिंतीला या बाजूनं गिलावासुद्धा नव्हता. विटांच्या फटीत एक खिळा ठोकला होता आणि त्यावर त्याचा टॉवेल वाळत होता, कडक झालेला. मी किती वेळ त्या टॉवेलकडे बघत होते कोण जाणे. मला रात्र रात्र झोप लागू न देणारी भिंत, आणि याला टॉवेल टाकायला झाली होती. मी तो ओढून काढला आणि फेकला. मग आत येऊन त्याच्या खुर्चीत बसले. समोर दुसरी खुर्ची होती. पाहुणा कुणी येत नसे, तरी होती. मी तिला मोठ्यानं विचारलं, "भिंत का बांधलीस?" आणि मग, वारस मीच ना, त्याच्या जागी मीच ना, म्हणून मीच म्हटलं, "आठवत नाही." "खोटं. शपथेवर सांग." "खिडकीमुळे." "कुठल्या खिडकीमुळे?" "तू उघडी ठेवलीस त्या."  थांबता येईना. म्हटलं, आता विचार. मान हलवू नकोस, विचार. आणि माझ्याच तोंडानं, त्याच्यासारखं तुटक, मी विचारलं, "का उघडी ठेवलीस, ताई?"

तर ऐक. तिला हवा नको होती. थंडीनं तिचे दात वाजत होते, मी दोन पांघरुणं घातली, तिसरं माझ्या अंगावरचं घातलं. मी तीनदा उठले बंद करायला. ती म्हणाली, तो आज-उद्या येईल. मागच्या फाटकाची कडी वाजली की मला कळायला हवं. बंद खिडकीतून मला ऐकू येत नाही. तुझ्यासाठी रे! तू सायकल आत घेशील तो आवाज ऐकायला ती पडून होती, डोळे मिटून, त्या थंडीत, तुझ्यासाठी. हे मी तुला भर कोर्टात सांगणार होते. सगळ्यांसमोर. तुझ्या त्या ताठ मानेचं काय होतं ते बघणार होते. आणि नसतं सांगितलं कदाचित, तुझं तोंड बघून, पण तू विचारायचं तर होतंस. एकदा. घरी, व्हरांड्यात, बसमध्ये, पाणी पिताना, कुठंही. समोरच्या खुर्चीत कुणी नव्हतं आणि मी ओरडत होते, शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि म्हणत होत्या, ताई, ताई, अहो कुणाशी बोलताय. मूर्खा. गाढवा. ऐकून तरी जायचं होतंस.